उपग्रह आधी संगणकावर बिघडवून पाहा : विद्यार्थी-उपग्रह बांधणाऱ्या महाविद्यालयांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, उपग्रह प्रकल्पांचे मार्गदर्शक प्राध्यापक आणि उपग्रह बांधायला निघालेले विद्यार्थी,

सप्रेम नमस्कार.

२०१६ साली महाराष्ट्रातले दोन विद्यार्थी-उपग्रह जेमतेम तीन महिन्यांच्या अंतराने कक्षेत गेले. २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ वरून पुण्याच्या सीओईपीचा, एक किलोहून हलका ‘स्वयम्’ आणि २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ वरून आयआयटी मुंबईचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’. आज ती वाट बरीच रुळली आहे. परवानगीसाठी इन-स्पेस आहे, पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर प्रयोग बसवण्यासाठी ‘पोएम’ आहे, सोलर सेलपासून रेडिओपर्यंत बहुतेक भाग तयार विकत मिळतात. नवे गट उभे राहत आहेत ही आनंदाचीच गोष्ट आहे.

या गटांच्या डिझाइन अहवालांत सिम्युलेशनचे, म्हणजे उपग्रहाची नक्कल संगणकावर चालवून पाहण्याचे, एक प्रकरण हमखास असते. त्यात सांगाड्यावरच्या ताणाची लाल-पिवळी-निळी चित्रे असतात, तापमानाचा एक आलेख असतो आणि शेवटी एक ओळ असते: ‘सर्व मूल्ये मर्यादेत आहेत.’ हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. सगळे मर्यादेत आहे एवढेच दाखवणाऱ्या सिम्युलेशनने धोका तसूभरही कमी होत नाही. आपला उपग्रह कोणकोणत्या प्रकारे मरू शकतो हे शोधण्यासाठी सिम्युलेशन वापरले, तर मात्र त्याच्याइतके स्वस्त आणि उपयोगी साधन तुमच्याकडे दुसरे नाही. प्रकल्पाचे वेळापत्रक, माणसे आणि पैसे या कामाकडे वळवा, एवढीच आमची मागणी आहे. ती कशी पुरी करायची ते पुढे लिहिले आहे.

परिस्थिती काय असते ते आधी पाहू. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत एक फेरी मारतो, त्यातली ३५-३६ मिनिटे पृथ्वीच्या सावलीत जातात. पुण्या-मुंबईच्या ग्राउंड स्टेशनवरून तो दिवसातून चार-सहा वेळा क्षितिजावर येतो. त्यातल्या काही खेपा अगदी खालून जातात, आणि चांगली खेपसुद्धा फार तर दहा मिनिटांची असते. दुरुस्ती करायची ती तेवढ्या वेळात, रेडिओवरून कमांड पाठवून. तीही उपग्रह ऐकत असेल तरच.

जवळचे उदाहरण इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाचे आहे. ७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या या रॉकेटवर इस्रोचा ‘ईओएस-०२’ उपग्रह होता आणि देशभरातल्या सरकारी शाळांतल्या ७५० मुलींचा सहभाग असलेला ‘आझादीसॅट’ होता. दुसरा टप्पा सुटताना उपकरणांच्या कप्प्यात अपेक्षेपेक्षा जास्त कंपने आली आणि त्यामुळे ॲक्सिलरोमीटर (त्वरण मोजणारे सेन्सर) थोडा वेळ संपृक्त झाले, म्हणजे मोजण्याच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकले. बिघाड ओळखून खराब सेन्सर बाजूला काढण्याचे लॉजिक ऑनबोर्ड कॉम्प्युटरवर होते. त्याने सहाच्या सहा ॲक्सिलरोमीटर नादुरुस्त ठरवले. प्रत्यक्षात सगळे धडधाकट होते. रॉकेट बचावाच्या मोडमध्ये गेले आणि उरलेला प्रवास आधी भरून ठेवलेल्या आकड्यांवर, सेन्सरकडे न पाहता झाला. ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी सुमारे ३६० बाय ७६ किलोमीटरची लंबगोल कक्षा मिळाली. ७६ किलोमीटरवर वातावरण इतके दाट असते की तिथे कुठलाही उपग्रह टिकत नाही. दोन्ही उपग्रह गेले.

यात एकही भाग तुटला नाही. सॉफ्टवेअरनेही त्याला जे लिहून दिले होते तेच केले. चुकला तो अंदाज: टप्पा सुटतानाची कंपने किती मोठी असतील आणि किती वेळ टिकतील याचा. बिघाड ओळखणाऱ्या लॉजिकची वेळ-मर्यादा त्या अंदाजावर बेतलेली होती. १० फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात टप्पा सोडवण्याची यंत्रणा बदलली, लॉजिकला निर्णयासाठी जास्त वेळ दिला, बचावाच्या मोडमध्ये ‘नाविक’ या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचा आधार घेण्याची सोय केली, आणि ते उड्डाण यशस्वी झाले.

तुमच्या एक किलोच्या उपग्रहातही असेच लॉजिक असते. जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) बंद पडला तर काय, मॅग्नेटोमीटरने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरने) मूर्खासारखा आकडा दिला तर काय, अशा ‘जर-तर’च्या दहा-वीस ओळी कुणीतरी लिहिलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्या कधीच चालवून पाहिलेल्या नसतात. त्या चालवा. तीन जायरो, तीन मॅग्नेटोमीटर आणि सहा सन सेन्सर असे बारा चॅनल धरा. प्रत्येकाला सहा आजार द्या: एकाच आकड्यावर अडकणे, शून्य देणे, कमाल मर्यादेला टेकणे, उशिरा उत्तर देणे, गोंगाट वाढणे आणि चिन्ह उलटे होणे. या झाल्या ७२ धावा, म्हणजे मॉडेल ७२ वेळा चालवणे. प्रत्येक धाव चार फेऱ्यांची धरली आणि मॉडेल प्रत्यक्ष वेळेच्या शंभरपट वेगाने चालत असले, तरी साध्या लॅपटॉपवर हे सगळे काम एका रात्रीत उरकते. मग एकेका आजाराच्या जोड्या लावा. सेन्सर एक सेकंद बिघडून पुन्हा बरा झाला तर लॉजिक त्याला परत कामावर घेते का, हे तर आवर्जून पाहा. जे गट बिघाडाची चाचणी करतात, तेही बरे होण्याची क्वचितच करतात.

आता ज्या चुकीने विद्यार्थी-उपग्रहांना सर्वात सहज गाठावे अशी चूक घेऊ: चिन्हाची. रॉकेटपासून सुटल्यावर उपग्रह गडगडत असतो. तो थांबवण्यासाठी बहुतेक जण एक साधा नियम वापरतात: चुंबकीय क्षेत्र ज्या दराने बदलते आहे त्याच्या उलट दिशेने टॉर्कर, म्हणजे उपग्रहाला वळवणारी विद्युतचुंबकी कॉइल, चालवा. मॉडेलमध्ये हे सुरेख चालते, काही फेऱ्यांत वेग खाली येतो आणि आलेख अहवालात चिकटवला जातो. पण प्रत्यक्षात एका अक्षाच्या कॉइलच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या, किंवा मॅग्नेटोमीटरची चिप बोर्डाच्या खालच्या बाजूला बसली आणि तिचा एक अक्ष फिरला, तर तोच नियम उपग्रहाला थांबवण्याऐवजी आणखी फिरवतो. आकडे पाहा. ०.२ अँपिअर-वर्गमीटरचा टॉर्कर, ३० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र, म्हणजे जास्तीत जास्त ६ मायक्रोन्यूटन-मीटरचा पीळ. एक किलोच्या घनाचे जडत्व साधारण ०.००२ किलोग्रॅम-वर्गमीटर. त्वरण निघते सेकंदाला ०.१७ अंश प्रति सेकंद. सगळे प्रतिकूल जुळले तर शंभर सेकंदांत सतरा अंश प्रति सेकंदाची भर पडते. थोड्याच वेळात जायरो टोकाला टेकतो आणि रेडिओचा सिग्नल सतत गडबडू लागतो.

शुद्ध संगणकी मॉडेल ही चूक कधीच पकडणार नाही, कारण त्यात तारा नसतात. म्हणून फ्लॅटसॅट हवा: उपग्रहाचे सगळे बोर्ड टेबलावर पसरून, खऱ्या हार्नेसने (तारांच्या जुडग्याने) जोडलेले. एका कॉम्प्युटरवर कक्षेचे, चुंबकीय क्षेत्राचे आणि फिरण्याचे गणित चालू ठेवा. दोन-तीनशे रुपयांचा एक मायक्रोकंट्रोलर सेन्सरचे सोंग घेऊन तेच आकडे खऱ्या ऑनबोर्ड कॉम्प्युटरला त्याच्याच बसवर (आकडे वाहून नेणाऱ्या तारांवर) देईल. टॉर्करच्या ड्रायव्हरमधून किती प्रवाह कोणत्या दिशेने जातो ते मोजून गणिताकडे परत पाठवा. चक्र पूर्ण झाले. आता फ्लाइट सॉफ्टवेअरला आपण टेबलावर आहोत हे कळायला काही मार्ग उरत नाही.

सेन्सरचे सोंग घेतल्यामुळे खरा सेन्सर मात्र या चक्राबाहेर राहतो. त्याची तपासणी वेगळी आणि अगदी साधी आहे. टॉर्करच्या तोंडाशी होकायंत्र ठेवा, सॉफ्टवेअरमधून ‘अधिक एक्स’ अशी कमांड द्या आणि सुईचे उत्तर टोक कुठे वळते ते पाहा. ते टोक कॉइलपासून बाहेरच्या दिशेला, अधिक एक्सकडे, वळले पाहिजे. तसेच वाय आणि झेडचे. मग उपग्रह हातात धरून प्रत्येक अक्षाभोवती उजव्या हाताच्या नियमाने फिरवा. जायरोचा आकडा अधिक आलाच पाहिजे. वीस मिनिटांचे काम आहे. जुळणी पूर्ण झाल्यावर ते पुन्हा करा, कारण शेवटच्या जुळणीत एखादा कनेक्टर उलटा बसतोच. टॉर्कर चालू असताना मॅग्नेटोमीटरला पृथ्वीचे क्षेत्र दिसत नाही, टॉर्करचेच दिसते. म्हणून मोजणे आणि चालवणे आळीपाळीने करावे लागते, आणि टॉर्कर बंद केल्यावर क्षेत्र विरायला काही मिलिसेकंद द्यावे लागतात. हा विलंब मॉडेलमध्ये नसेल तर तुमचा आलेख खोटा आहे.

खऱ्या यंत्राच्या जागी त्याचे सोंग ठेवण्याची किंमत युरोपच्या एरियन-५ रॉकेटने चुकवली आहे. ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात, सुमारे ३७ सेकंदांनी, दोन्ही दिशादर्शक यंत्रे एकापाठोपाठ बंद पडली. त्यांतले सॉफ्टवेअर एरियन-४ मधून जसेच्या तसे उचलले होते. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत बसवताना तो मावला नाही, कारण एरियन-५ चा आडवा वेग एरियन-४ च्या पाचपट झपाट्याने वाढतो. आणि ज्या कामासाठी हा हिशेब चालू होता त्याचा रॉकेट उडाल्यावर काही उपयोगच नव्हता. उड्डाणापूर्वी सिम्युलेशन भरपूर झाले होते. पण त्यात दिशादर्शक यंत्राच्या जागी त्याचे उत्तर देणारे मॉडेल ठेवले होते, आणि मॉडेलला ओव्हरफ्लो होत नव्हता. खरे यंत्र टेबलावर ठेवून त्याला एरियन-५ चा मार्ग दाखवला असता तर चूक जमिनीवरच उघडी पडली असती, असे चौकशी समितीने स्पष्ट नोंदवले. तुम्ही सीनियर बॅचचा कोड किंवा दुसऱ्या उपग्रहाची लायब्ररी घेता तेव्हा हाच प्रश्न विचारा: हा कोड कोणत्या आकड्यांच्या मर्यादेत राहून लिहिला होता, आणि आपले आकडे त्या मर्यादेत आहेत का?

विजेकडे वळू. तीस टक्के कार्यक्षमतेचे, प्रत्येकी तीस चौरस सेंटिमीटरचे दोन सेल एका बाजूवर बसवले, तर ऊन काटकोनात पडल्यावर सुमारे २.३ ते २.४ वॅट मिळतात. पाच बाजूंवर सेल असलेला घन वेडावाकडा फिरत असेल तर उन्हात सरासरी २.९ वॅट. सावलीचा वेळ वजा केला की १.८. कन्व्हर्टर आणि उष्णतेमुळे होणारी घट धरली की हाती उरतात जेमतेम १.४ वॅट. ऑनबोर्ड कॉम्प्युटर आणि सतत चालू असलेला रिसीव्हर मिळून अर्धा-पाऊण वॅट खातात. एक वॅटचा सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर चालू असताना तीन वॅट घेतो. हा हिशेब सगळेच गट करतात, तक्त्यात करतात, सरासरीने करतात. बिघाड सरासरीत दिसत नाही. तो घटनांच्या साखळीत दिसतो.

अशी एक साखळी सविस्तर मांडतो. रॉकेटपासून सुटल्यावर अँटेना उघडण्यापूर्वी किमान अर्धा तास थांबण्याचा नियम आहे. अँटेना नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली असते आणि नायक्रोमची तार तापवून तो दोरा जाळायचा असतो. उपग्रह सावलीत आहे, बॅटरी थंड आहे. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. तारेने दोन-अडीच अँपिअर ओढले की व्होल्टेज खाली बसते आणि ऑनबोर्ड कॉम्प्युटर रीसेट होतो. जाग आल्यावर त्याला वाटते आपण आत्ताच रॉकेटपासून सुटलो. अर्ध्या तासाचा टायमर शून्यापासून सुरू. पुन्हा तार तापवायची, पुन्हा रीसेट. दरम्यान बॅटरी उतरत जाते, आणि काही फेऱ्यांनंतर टायमर पुरा होण्याआधीच व्होल्टेज संपते. जमिनीवर कुणालाही काही ऐकू येत नाही, कारण अँटेना बंदच आहे. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळी तपासली तर ठीक निघते: खोलीच्या तापमानाला दोरा जळतो, टायमर बरोबर चालतो, रीसेटनंतर कोड सुरू होतो. एकत्र, थंड आणि निम्म्या भरलेल्या बॅटरीवर चालवल्याशिवाय साखळी दिसत नाही. म्हणून बॅटरीच्या मॉडेलमध्ये तापमानानुसार बदलणारा अंतर्गत रोध असलाच पाहिजे, आणि तो डेटाशीटवरून न घेता तुमच्याच सेलवर, फ्रीजरमध्ये ठेवून मोजलेला असावा. उपाय सोपे आहेत: टायमरची प्रगती आणि प्रयत्नांची संख्या कायमच्या मेमरीत लिहा, तार उन्हात असतानाच तापवा, आणि ठरावीक प्रयत्नांनंतर वेळ बदला. पण उपाय सुचायला आधी साखळी दिसावी लागते.

वेळेचे मोजमाप हा असाच एक कोपरा. ३२ बिटांत मिलिसेकंद मोजणारा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. तो चिन्हासह ठेवला असेल तर २४.८ दिवसांनीच उणे होतो. टेबलावर कुणी पन्नास दिवस अखंड चाचणी घेत नाही. काउंटर शेवटच्या पाच मिनिटांवर नेऊन ठेवा आणि पुढे काय होते ते पाहा.

उष्णतेच्या मॉडेलबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल, कारण अहवालांतला सर्वात देखणा आणि सर्वात कच्चा भाग हाच असतो. सूर्याकडून येणारे दर चौरस मीटरला १३६१ वॅट, पृथ्वीवरून परावर्तित होणारे ऊन, पृथ्वीची स्वतःची उष्णता हे सगळे सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते आणि बरोबरच असते. चूक होते ती दोन भागांच्या सांध्यात. निर्वातात हवा नसते, त्यामुळे स्क्रूने आवळलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून उष्णता फक्त जिथे धातू धातूला टेकतो तिथूनच जाते. ते वहन आवळण्याच्या जोरावर, पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर आणि मध्ये काही लावले आहे का यावर अवलंबून दहापटीपर्यंत बदलते. बहुतेक मॉडेलांत हा सांधा ‘पूर्ण जोडलेला’ धरलेला असतो. मग बॅटरी आणि सांगाडा एकाच तापमानाला दिसतात. प्रत्यक्षात बॅटरी दहा-पंधरा अंशांनी वेगळी असू शकते, आणि लिथियम-आयन सेल शून्याखाली चार्ज केला तर त्याच्या आत धातूचे लिथियम जमून तो कायमचा खराब होतो. म्हणून सांध्याचे वहन आधी दहापट कमी आणि मग दहापट जास्त धरून दोन्ही टोकांना मॉडेल चालवा. दोन्हीकडे बॅटरी सुरक्षित असेल तर पुढे चला. नसेल तर नेमका तोच सांधा व्हॅक्यूम चेंबरमध्ये मोजा. चाचणीनंतर मॉडेल आणि मोजमाप तीन ते पाच अंशांत जुळेपर्यंत मॉडेल दुरुस्त करा, आणि मगच त्याला कक्षेतले तापमान विचारा. चाचणीपूर्वीच्या अंदाजावर दोन्ही बाजूंनी किमान दहा अंश राखून ठेवा.

सांगाड्याबद्दल फारसे सांगायचे नाही. छोट्या उपग्रहाचा सांगाडा क्वचितच मोडतो. फक्त डॅम्पिंगचा, म्हणजे कंपने किती लवकर विरतात त्याचा, आकडा कुठून आणला ते लिहा. २०० हर्ट्झच्या बोर्डावर ०.१६ जी-वर्ग प्रति हर्ट्झची कंपने आली आणि प्रवर्धन गुणांक (बोर्ड कंपने किती पट वाढवतो तो आकडा) १० धरला, तर तीन सिग्माला, म्हणजे धक्के क्वचितच ओलांडतात त्या पातळीला, ६७ जी निघतात; २५ धरला तर १०६. एका गृहीतकावर उत्तर दीडपटीहून जास्त बदलते. खरा आकडा कंपन चाचणीच्या आधीच्या हलक्या साइन-स्वीपमधून, म्हणजे वारंवारता हळूहळू बदलत दिलेल्या कंपनांतून, मिळतो. तीच स्वीप चाचणीनंतर पुन्हा घ्या. वारंवारता पाच टक्क्यांहून जास्त सरकली असेल तर आत काहीतरी सैल झाले आहे.

हजार धावांच्या माँटे कार्लोबद्दलही, म्हणजे दर वेळी आकडे यदृच्छेने थोडे बदलून मॉडेल चालवण्याबद्दलही, स्पष्ट बोलायला हवे. हजारपैकी एकही धाव फसली नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की फसण्याची शक्यता ०.३ टक्क्यांहून कमी आहे. ही खात्री मॉडेलमध्ये जे घातले आहे तेवढ्यापुरतीच असते. एप्रिल २०२३ मध्ये चंद्रावर उतरताना जपानी कंपनीच्या ‘हाकुतो-आर’ मोहिमेचे यान सुमारे पाच किलोमीटर उंचीवरच आपण पोचलो असे समजले, तिथेच इंधन संपले आणि ते कोसळले. विवराच्या कड्यावरून जाताना खालची जमीन एकदम तीनेक किलोमीटर खाली गेली. रडारने ते बरोबर मोजले, पण एवढी उडी म्हणजे सेन्सरचा बिघाड असे समजून सॉफ्टवेअरने रडारलाच बाद केले. उतरण्याची जागा मुख्य डिझाइन-तपासणीनंतर बदलली होती, आणि नव्या जागेचा भूप्रदेश सिम्युलेशनमध्ये पुरेसा आलाच नव्हता. म्हणून मोहिमेत काहीही बदलले, कक्षा, अँटेना, बॅटरीचा पुरवठादार, तर सगळ्या धावा नव्याने. हे हाताने कुणी करत नाही. कोड आणि मॉडेल एकाच गिट भांडारात (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर रात्री सगळ्या धावा आपोआप चालतील अशी व्यवस्था पहिल्याच महिन्यात लावा.

चांद्रयान-२ च्या विक्रमकडून चांद्रयान-३ कडे जाताना इस्रोने हाच दृष्टिकोन घेतला. अमुक बिघडले तर, तमुक बिघडले तर, अशा अपयशांची यादी समोर ठेवून यान सोसेल असे केले. सप्टेंबर २०१९ मध्ये इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त आला, चुका साठत गेल्या, यानाला वळण्याच्या वेगाची मर्यादा होती आणि उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच होती. पुढच्या खेपेस जागा सुमारे चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर केली, मधले पाचवे इंजिन काढले, वेग थेट मोजणारा लेझर सेन्सर बसवला, पाय सेकंदाला तीन मीटरच्या धक्क्यासाठी मजबूत केले, इंधन वाढवले. सिम्युलेशनच्या जोडीला हेलिकॉप्टरखाली आणि क्रेनला टांगून प्रत्यक्ष चाचण्याही घेतल्या. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ सगळ्यांना आठवते. तिच्यामागची ही चार वर्षेही विद्यार्थ्यांना शिकवली जावीत असे आम्हाला मनापासून वाटते.

साधने महाग नाहीत. नासाचे एनओएस-३ छोट्या उपग्रहाचे फ्लाइट सॉफ्टवेअर, सेन्सरांची मॉडेले आणि ग्राउंड स्टेशन एकत्र चालवून देते आणि मोफत आहे. फिरण्याच्या गणितासाठी ‘४२’ किंवा बॅसिलिस्क, कक्षेसाठी जीमॅट किंवा ओरेकिट, हीसुद्धा मोफत. खर्च येतो तो बोर्डांच्या दुसऱ्या संचाचा. तोच बहुतेक अंदाजपत्रकांतून पहिल्यांदा कापला जातो. प्राचार्यांना आमची विनंती आहे की तो कापू नका. उड्डाणाचा संच चेंबरमध्ये असताना सॉफ्टवेअरच्या मुलांना काम करायला दुसरे काही नसते.

माणसांबाबत दोन गोष्टी. मॉडेल लिहिणारा आणि फ्लाइट कोड लिहिणारा एकच असू नये. अक्षांबद्दल त्याचा काही गैरसमज असेल तर तो दोन्हीकडे सारखाच उतरतो आणि दोन चुका एकमेकींना झाकतात. दुसरी गोष्ट बॅचची. असे प्रकल्प चार वर्षांत क्वचितच संपतात, उपग्रह उडतो तेव्हा सुरुवात करणारे नोकरीला लागलेले असतात. प्रत्येक आकड्याशेजारी तो मोजलेला आहे, डेटाशीटमधला आहे की अंदाजाचा, आणि कोणत्या तारखेचा, हे मॉडेलच्या फाइलमध्येच लिहा. नव्या बॅचला वीस पानी अहवालापेक्षा चालते मॉडेल जास्त शिकवते.

सिम्युलेशनला काय दिसत नाही तेही नोंदवतो, म्हणजे त्याच्या नावाखाली चाचण्या कमी करण्याचा मोह कुणाला होऊ नये. कोरडे सोल्डरिंग, चिरडलेली तार, कनेक्टरमधली धातूची कुसळी, किरणोत्साराने उलटलेला मेमरीतला बिट. शेवटच्याचे सोंग मेमरीत मुद्दाम बिट उलटवून घेता येते आणि ते घ्याच. बाकीच्यांसाठी कंपनाचा टेबल आणि थर्मल व्हॅक्यूम चेंबर यांना पर्याय नाही.

उड्डाणानंतरही टेबल आवरू नका. जपानची ‘हितोमी’ अंतराळ दुर्बीण फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटली आणि मार्चअखेर तुकडे होऊन गेली. आपण फिरत आहोत अशा चुकीच्या समजुतीने ती स्वतःला सावरू पाहत खरोखरच फिरू लागली होती, आणि तिला सावरण्यासाठी थ्रस्टर चालले तेव्हा त्यांचे नव्याने पाठवलेले नियंत्रणाचे आकडेच चुकीचे होते. त्यामुळे फिरणे वाढत गेले. ते आकडे पाठवण्यापूर्वी सिम्युलेटरवर तपासलेच नव्हते. तुमच्या ग्राउंड स्टेशनवर नियम करा: सॉफ्टवेअर किंवा नियंत्रणाचा आकडा बदलणारी कोणतीही कमांड त्याच दिवशी फ्लॅटसॅटवर चालल्याशिवाय अँटेनापर्यंत जाणार नाही, आणि खेप सुटली तरी चालेल.

मार्गदर्शक प्राध्यापकांकडे शेवटचे मागणे. पुढच्या आढावा बैठकीत पहिला अर्धा तास फक्त फसलेल्या धावांसाठी ठेवा. कोणत्या धावा फसल्या, का फसल्या, त्यामुळे डिझाइनमध्ये काय बदलले, हे मुलांना फळ्यावर मांडू द्या. एकही फसली नाही असे उत्तर आले तर बैठक तिथेच थांबवून त्यांना वरची बारा चॅनलांची यादी द्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा. आणि उपग्रह प्रक्षेपणासाठी सोपवण्याच्या किमान दोन महिने आधी, उड्डाणाच्याच सॉफ्टवेअरवर, सुटल्यापासूनचे पहिले ७२ तास न थांबवता फ्लॅटसॅटवर चालवा: बॅटरी निम्मी भरलेली, पहिली फेरी सावलीत सुरू होणारी, एक जायरो मेलेला, आणि कमांड देणारे विद्यार्थी दुसऱ्या खोलीत, हाती फक्त खेपांच्या वेळा आणि रेडिओवरून येणारे आकडे.

आपले स्नेहांकित,
उपग्रहांच्या सिम्युलेशनचे व चाचण्यांचे काम करणारे काही मराठी अभियंते